झोपेची वही

मंगळवारी सकाळी पहिल्याच पेशंट बाईंनी पर्समधून घडी घातलेला एक गुलाबी कागद काढला, तिच्या कान-तपासणीच्या टेबलावर हाताने सपाट केला आणि विचारलं, "ह्या तुम्हीच ना?" या बाई टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. तीस वर्षं डाव्या कानावर हेडफोन लावून लोकांचे कॉल जोडून दिले आणि आता तोच कान रुसून बसला होता. दर सहा महिन्यांनी त्या तपासणीला यायच्या आणि यंत्रापेक्षा गप्पांसाठीच जास्त यायच्या. "भाचीच्या गावाकडून आलाय," त्या कौतुकाने म्हणाल्या, "नाव नाही छापलेलं, पण मी म्हटलं, शहरात अशा बाई दुसऱ्या कोण?" कागदावर ठळक अक्षरांत होतं, 'पवनचक्क्या हटवा, आरोग्य वाचवा.' खाली एकाखाली एक दुखणी होती. निद्रानाश, चक्कर, कानात गुणगुण, छातीत धडधड. आणि त्याखाली चौकटीत, 'शहरातील एक नामवंत श्रवणतज्ज्ञ म्हणतात, ऐकू येत नाहीत असेही आवाज असतात.'

ही नामवंत कोण असेल, असंच आधी तिच्या मनात आलं. मग टेपवर ऐकलेला आपलाच आवाज जसा परका आणि थोडा चिरका वाटतो, तसं ते वाक्य तिला ओळखू आलं. दोन महिन्यांपूर्वी गॅसवर दूध तापत असताना फोन मानेत धरून ती गावाकडच्या ताईला म्हणाली होती, "काही आवाज इतके खालचे असतात की ऐकू येत नाहीत, पण असतात." आणि त्याला लागूनच म्हणाली होती, "असतात म्हणजे त्रास देतातच असं नाही." मग दूध उतू गेलं होतं आणि फोन ठेवला होता. दुसरं वाक्य दुधाबरोबर गेलेलं दिसत होतं. ती ऑपरेटर बाईंना म्हणाली, "मीच, पण अर्धीच." बाईंना ते नीट ऐकू आलं नाही, त्यांनी समाधानाने मान हलवली. मग ती त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली, जाड दार लावलं आणि काचेच्या अलीकडे आपल्या खुर्चीत बसली.

ही खोली तिला आवडायची. पंचवीस वर्षं झाली तरी आवडायची, याचं तिला स्वतःलाच नवल होतं. दार लागलं की रस्ता, जिना, शेजारच्या छापखान्याची खटखट सगळं एकदम दूर जायचं आणि कापूस पिंजून भरल्यासारखी शांतता उरायची. खाली तळमजल्यावर नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. ओळखीचे लोक म्हणायचे, डोळे त्यांच्याकडे, कान यांच्याकडे, आता नाक-घशासाठी मुलीला बसवा की झालं. मुलगी मात्र दूरच्या शहरात पूल बांधत होती. दुपारी जेवायला नवरा वर यायचा, एका डब्यात दोघं जेवायची आणि तो सकाळच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. एवढंच आयुष्य, पण मापाने शिवलेल्या कपड्यासारखं अंगावर बसलेलं. त्या दुपारी त्याने गुलाबी कागद चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि म्हणाला, "नामवंत बाई, भाजी जरा इकडे सरकवा." ती हसली, पण घास तोंडात फिरत राहिला. ताईने आपल्याला न विचारता हे छापलं याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी आपण कुठेतरी कमी पडलो, अशी जुनीच रुखरुख लागली. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लहानपणी पडली-धडपडली ही आणि गुडघ्याला हळद लावायला धावली ती. आता जिजाजींना जाऊन चार वर्षं झाली, ताई त्या पठारावरच्या गावात एकटी, आणि ताईला झोप येत नाही. आपण फोनवर दूध तापवता तापवता तिला विज्ञान सांगितलं.

आईलाही असंच होतं. पन्नाशीनंतर आईच्या डोक्यात एक घूं सुरू झालं होतं. आई म्हणायची, दूर कुठेतरी गिरणी चालू आहे आणि ती बंदच होत नाही. डॉक्टर झाले, दुसरे डॉक्टर झाले, कानात बॅटरी मारून त्यांनी पाहिलं आणि काही नाही म्हणाले. वडील म्हणाले, मन कशात तरी रमव. त्या काळात एका संध्याकाळी ताईने आईच्या कानाला कान लावला होता, बराच वेळ, डोळे मिटून, आणि म्हणाली होती, "मला येतंय ऐकू, आई. बारीक येतंय." मग हिनेही लावला. आईचा कान गार होता, केसांना खोबरेल तेलाचा वास होता आणि आत काहीही वाजत नव्हतं. "मला नाही येत," ती म्हणाली होती. आईने दोघींकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "बरं झालं, एकेक आहे." त्याचा अर्थ काय, हे तिने कधी विचारलं नाही. पुढे याच धंद्यात आल्यावर तिला कळलं की असा आवाज फक्त ज्याचा त्यालाच असतो, बाहेरून कान लावून तो कळत नाही. ताई तेव्हा प्रेमाने खोटं बोलली होती. किंवा तिला खरंच ऐकू आलं होतं. हे दुसरं ती मनात आणायची आणि पुन्हा बाजूला ठेवायची.

संध्याकाळी तिने ताईला फोन केला. "शुक्रवारी येते. माझं मोजायचं यंत्र घेऊन."

"ये की," ताई म्हणाली, आणि लगेच, "कागद मिळाला वाटतं तुला."

"मिळाला."

"रागावलीस?"

"आल्यावर बोलू."

पठारावर बस चढली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आठही पवनचक्क्या टेकडीच्या धारेवर रांगेत उभ्या होत्या, पांढऱ्या, सावकाश फिरणाऱ्या. त्या इतक्या देखण्या असतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि तसं वाटल्याबद्दल आपण ताईशी फितुरी केली असंही वाटलं. पुढच्या टप्प्यात आणखी सहा येणार होत्या, त्यातल्या दोन ताईच्या घरामागे, चारशे पावलांवर. त्यासाठी पंधरा दिवसांनी शाळेच्या सभागृहात जनसुनावणी होती. ताई सदतीस वर्षं त्याच शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली होती, त्यामुळे विरोध समितीने तिलाच पुढे केलं होतं. समितीत मुख्य एक शिंपी होता. त्याच्या कानात सतत शिट्टी वाजायची आणि तो ती सगळ्यांना तोंडाने वाजवून दाखवायचा. ताई स्टॉपवर उभी होती. डोळ्यांखाली काळं, पण केस नीट विंचरलेले आणि छत्री शाळेत जाताना धरायची तशी ताठ. घरी पोचल्या पोचल्या तिने एक लांब वही पुढे ठेवली. "झोपेची वही," ती म्हणाली. दीड वर्षाची प्रत्येक तारीख, किती तास झोप, अंगाला काय झालं, वारा कुठला. अक्षर फळ्यावरचं होतं, एकही ओळ वाकडी नाही. कानाच्या दुखण्यात एवढी नेटकी नोंद तिच्याकडे एकाही पेशंटने आणली नव्हती.

तिने एक यंत्र गच्चीवर लावलं, एक ताईच्या पलंगाजवळ. रात्रभर ती आपोआप नोंद घेणार होती, तिने जागं राहायची गरज नव्हती. म्हणून ती ताईच्या शेजारच्या खोलीत आडवी झाली, पाच मिनिटं चक्क्यांच्या आवाजाकडे कान लावले. दूरवर कुणीतरी चादर झटकून वाळत घालतंय, पुन्हा झटकतंय, असा तो आवाज होता. मग उजाडलंच. नऊ तास ती झोपली होती. शहरात तिला इतकी गाढ झोप कधी लागली नव्हती. अंग हलकं झालं होतं, तोंडाला चव आली होती, आणि ताई स्वयंपाकघरात चहाचा कप धरून बसली होती. "घोरत होतीस," ताई म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, पण तिला चोरी पकडल्यासारखं झालं. "तू?" तिने विचारलं. ताईने वहीकडे हनुवटीने खूण केली. आकडा आधीच लिहून झाला होता. दोन तास.

यंत्रातल्या नोंदी तिने जेवणाच्या टेबलावर उतरवल्या. पलंगाजवळचा आवाज कमी होता, खालचे आवाज धरूनसुद्धा कमी. रात्रीत सात वेळा आवाज वर गेला होता आणि सातही वेळा तो स्वयंपाकघरातून आला होता. "ताई," ती म्हणाली, "चक्क्यांपेक्षा तुझा फ्रिज जास्त बोलतो." ताई हसली नाही. "फ्रिज मी आणलाय," ती म्हणाली. "तो नको झाला तर मी बटण दाबीन." हे तिने लक्षात ठेवलं, पण त्यातलं वजन तेव्हा तिला कळलं नाही.

दुपारी ती एकटीच टेकडीवर गेली. चक्कीच्या बुंध्याशी उभं राहिल्यावर वर पाहवत नव्हतं, पात्याची सावली अंगावरून जायची तेव्हा क्षणभर गार वाटायचं. तिथला देखभालीचा मेकॅनिक बोलका निघाला. बोलायला कुणी नसतं हो इथे, म्हणत त्याने तिला केबिनमध्ये खुर्ची दिली, पंख्याखाली. तिने सहज विचारलं, कधी बंद पडतात का? "पडतात ना. गेल्या महिन्यात तर आठच्या आठ बंद होत्या. वीजवाहिनीचं काम होतं. नऊ तारखेपासून चौदापर्यंत एक पातं हललं नाही." त्याने रजिस्टर काढून दाखवलं. तिने तारखा मनात घेतल्या. उतरताना पायवाटेवर गवत गुडघ्याला लागत होतं, हवा अशी की आयुष्यभर प्यावी, आणि तिला मात्र वाटत होतं की कुणी ही वाट आणखी लांब करावी. कारण अकरा तारखेचं पान तिने सकाळी वाचलं होतं. 'आज फार. छातीत धडधड पहाटेपर्यंत. झोप दीड तास.' त्या दिवशी ताईने खिडकीचे पडदे ओढून घेतले होते, असंही पुढे लिहिलं होतं. पडद्यामागे चक्क्या उभ्या होत्या, गप्प.

ते तिने शनिवारची उरलेली संध्याकाळ स्वतःजवळ ठेवलं. ताई भाजी चिरत होती, शिंपी येऊन शिट्टी वाजवून गेला, त्याने तिला नमस्कार करून विचारलं, "सुनावणीत तुम्ही बोलणार ना मॅडम? तुमच्या शब्दाला वजन आहे." ती म्हणाली, बघू. ताईचे हात तिने पाहिले. तेच हात, गुडघ्याला हळद लावणारे. ह्या माणसाला आता आपण सांगणार की तुझं दुखणं तारखेला जुळत नाही. न सांगता निघून जाणं सोपं होतं. ताई तशीच सभागृहात उभी राहील, कंपनीचे साहेब रजिस्टर काढतील आणि सगळ्या गावासमोर, तिनेच शिकवलेल्या मुलांसमोर, ताई खोटी पडेल. रविवारी सकाळी ताई कुंड्यांना पाणी घालत होती तेव्हा तिने सांगून टाकलं, तारखांसकट.

ताईने झारी खाली ठेवली नाही. एका कुंडीत पाणी काठोकाठ भरून ओट्यावर सांडायला लागलं. "म्हणजे मी खोटं लिहिलं," ती म्हणाली.

"नाही. झोपली नाहीस हे खरंच आहे."

"मग?"

"मग कारण मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणायला एवढं शिकलीस?"

"हो," ती म्हणाली. "कागदावरचं माझं वाक्य पुरं कर, एवढंच सांगायचंय. आणि सुनावणीत कुणी विचारलं तर मी मोजलंय तेच सांगेन. तुला आधी कळावं म्हणून सांगितलं."

ताई आत गेली. बसपर्यंत सोडायला आली, छत्री ताठ धरून. बस सुटताना तिने हात केला, तोही मुलांना वर्गात बसा म्हणताना करतात तसा. पुढचे बारा दिवस फोन आला नाही. तिने केला तर वाजून वाजून थांबायचा. ती काम करत होती, नवऱ्याच्या नकलांना हसत होती, आणि काचेच्या त्या शांत खोलीत बसली की तिला कुंडीतून सांडणारं पाणी दिसायचं. "खरं बोललीस ना?" नवरा एकदा म्हणाला. "बोलले. पण नऊ तास झोपून उठल्यावर बोलले," ती म्हणाली. सुनावणीच्या दिवशी त्याने दुकानाला कुलूप लावलं आणि तिच्याबरोबर बसमध्ये बसला.

सभागृह भरलेलं होतं. छोट्यांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे आवळून बसली होती. समोर सुनावणी घेणारे अधिकारी, बाजूला कंपनीचे साहेब, त्यांच्यापुढे फायली. पहिलं नाव ताईचं पुकारलं गेलं. ताई वही घेऊन उठली. मागच्या रांगेतून ती ताईची फक्त पाठ पाहू शकत होती, आणि त्या पाठीला काही होऊ नये एवढंच तिला वाटत होतं. ताईने वही उघडली आणि वाचायला लागली. तारखा, तास, धडधड. अकरा तारीख तिने तितक्याच स्पष्ट आवाजात वाचली, मग चष्मा काढला. "त्या दिवशी एकही चक्की फिरत नव्हती," ती म्हणाली. "हे मला माहीत नव्हतं. माझ्या बहिणीने शोधून मला सांगितलं. ती कान तपासते. कागदावर तिचं वाक्य मी अर्धंच छापलं, ती चूक माझी."

शिंपी अर्धा उठला. कंपनीच्या साहेबांनी उघडायला घेतलेलं रजिस्टर मिटलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "मग बाई, तुमची तक्रार मागे घेता का?"

"नाही," ताई म्हणाली. "मला झोप का येत नाही ते मला माहीत नाही. ते डॉक्टर बघतील. माझी तक्रार वेगळी आहे, ती मला आता कळली. दीड वर्षापूर्वी सकाळी खिडकी उघडली तर टेकडी उकरलेली दिसली. पत्र नाही, निरोप नाही. सदतीस वर्षं ह्या गावाचा नकाशा मी फळ्यावर काढला, आणि तो बदलणार हे मला खिडकीतून कळलं. आम्हाला आजाराचंच नाव घ्यावं लागलं, कारण नुसतं 'आम्हाला विचारा' म्हटलं असतं तर ही सुनावणी लागली नसती. आता लागलीच आहे, तर विचारा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका कोपऱ्यात कुणीतरी "बरोबर आहे" असं पुटपुटलं, मग दुसरीकडून, मग बाकं सरकली. तिला नंतर बोलावलं तेव्हा तिने आकडे सांगितले, अर्धं वाक्य पुरं केलं आणि एवढंच जोडलं की आठ चक्क्या लांब आहेत, येणाऱ्या दोन चारशे पावलांवर आहेत, तिथलं मी मोजलेलं नाही आणि न मोजता कुणीच बोलू नये, या बाजूनेही आणि त्याही. तासभर चर्चा झाली. शेवटी अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं की त्या दोन जागांचं काम थांबवायचं, घरोघर जाऊन म्हणणं ऐकायचं आणि मग पुन्हा बसायचं. विजय म्हणावा असं त्यात काही नव्हतं. शिंपी बाहेर ताईच्या समोरून मान फिरवून गेला. त्याच्या शिट्टीचा रजिस्टरशी काही संबंध नव्हता आणि ती तशीच वाजत होती. ताईला ते लागलं. दाराशी तिने विचारलं, "त्याचं काय करायचं?" धाकटी म्हणाली, "त्याला माझ्याकडे पाठव. शिट्टी बंद होईल असं नाही, पण ऐकून घेईन." ताईने तिचा दंड धरला आणि पायऱ्या उतरेपर्यंत सोडला नाही.

तीन आठवड्यांनी शिंपी आला नाही, ताई आली. डॉक्टरांना दाखवून झालं होतं, एक गोळी सुरू होती, कधी चार तास झोप यायची, कधी दोनच. वहीत तिने नवा रकाना आखला होता, चक्क्या चालू की बंद, आणि त्यासाठी रोज मेकॅनिकला फोन करायची. मेकॅनिकला त्यामुळे बोलायला माणूस मिळालं होतं. "आता माझे कान बघ," ताई म्हणाली. इतक्या वर्षांत तिने कधी बघू दिले नव्हते. धाकटीसमोर काय तपासून घ्यायचं, असं असावं. तिने ताईला आत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबायचं. कितीही बारीक आला तरी." जाड दार लागलं. काचेपलीकडे ताई डोळे मिटून बसली होती, शाळेच्या परीक्षेला बसल्यासारखी. तिने सूर पाठवायला सुरुवात केली, वरचे, मधले, मग खालचे. खालच्यांना ताई फार लवकर बटण दाबत होती. त्या वयाला इतके बारीक आवाज ऐकू येणारे कान तिने थोडेच पाहिले होते. आलेखाची रेघ कागदाच्या वरच्या कडेला चिकटून चालली होती, आणि तिला आईच्या त्या गार कानाची आठवण झाली. यावरून काही सिद्ध होत नव्हतं. तरी तिने रेघेकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

मग तिने हात थांबवला. हे ती प्रत्येकाला करायची. मधेच काहीच वाजवायचं नाही आणि बघायचं. पुष्कळ लोक अशा वेळीही बटण दाबतात. खोटेपणाने नव्हे, काहीतरी ऐकू यायलाच हवं या धडपडीने. ताईला हे करू नये असं तिला वाटलं, आणि केलं. दहा सेकंद. पंधरा. ताईचा अंगठा बटणावर होता. कपाळावर बारीक आठी आली, मान किंचित कलली, ताई त्या शांततेत खोल कान लावून होती. वीस सेकंद. अंगठा हलला नाही. काचेच्या अलीकडे तिचे डोळे भरून आले आणि तिने पुढचा सूर पाठवला. ताईने लगेच दाबलं.

बाहेर आल्यावर ताईने केस सारखे केले. "मधे बराच वेळ काही वाजवलं नाहीस," ती म्हणाली. "मुद्दाम ना?"

"मुद्दाम."

"वाटलंच. मीही वर्गात करायचे. नकाशावर नसलेली नदी दाखवायला सांगायचे. हुशार पोरं तुरुतुरु येऊन बोट ठेवायची."

"आणि बाकीची?"

"बाकीची म्हणायची, बाई, सापडत नाही." ताईने पर्स खांद्याला लावली. "त्यांना मी शाबासकी द्यायचे नाही. नुसतं खाली बसा म्हणायचे. पण घरी येताना मला चालायला हलकं वाटायचं."

खालून नवऱ्याने, आज खालीच जेवू या, म्हणून हाक मारली. दोघी जिना उतरू लागल्या.